जुळ्यांच्या दोन काचपट्ट्या

काही वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्या सूक्ष्मदर्शकाशेजारी दोन काचपट्ट्या येऊन पडल्या. दोन्हींवर आईचे नाव एकच होते, जन्मतारीख एकच होती आणि जन्मवेळेत अवघ्या चार मिनिटांचे अंतर होते. चौतिसावा आठवडा पूर्ण होऊन जन्मलेली ती जुळी भावंडे होती. मुलाचे वजन २,१५० ग्रॅम आणि मुलीचे १,३८० ग्रॅम. नवजात अतिदक्षता विभागाने दोघांच्याही कागदावर तपासणीचे कारण म्हणून ‘जन्मतः कमी वजन’ एवढेच शब्द लिहिले होते. मी रोगनिदानशास्त्राची डॉक्टर आहे. बाळे मला क्वचितच दिसतात; मला दिसतो तो त्यांच्या रक्ताचा काचेवर पसरलेला एक थेंब. त्या दिवशी मात्र एकाच आईच्या पोटात एकाच वेळी वाढलेल्या दोन बाळांचे थेंब शेजारी शेजारी ठेवून पाहायला मिळाले, आणि ‘कमी वजन’ या दोन शब्दांखाली आपण किती वेगळ्या गोष्टी एकत्र बांधून ठेवतो, हे मला त्या काचांनी दाखवले.

मुलाच्या काचेत पाहण्यासारखे फारसे काही नव्हते, आणि नवजात बाळाच्या बाबतीत याहून चांगली बातमी नसते. दर शंभर मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १६.८ ग्रॅम, रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट दर घन मिलिमीटरला २,४०,०००, आणि दर शंभर पांढऱ्या पेशींमागे केंद्रक असलेल्या सहा तांबड्या पेशी. मोठ्या माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते; ती अस्थिमज्जेतून बाहेर पडण्यापूर्वीच ते टाकून देते. नवजात बाळाच्या रक्तात पहिले काही दिवस अशा थोड्या अर्धवट तयार पेशी सापडतात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात त्या जरा अधिक असतात, त्यामुळे सहा या आकड्यात वावगे काही नव्हते.

मुलीची काच सरकवली आणि दृश्य बदलले. हिमोग्लोबिन २२ ग्रॅम, हिमॅटोक्रिट ६६ टक्के, म्हणजे रक्ताचा दोन तृतीयांश भाग नुसत्या तांबड्या पेशींचा. प्लेटलेट ८४,०००. दर शंभर पांढऱ्या पेशींमागे केंद्रकयुक्त तांबड्या पेशी तब्बल ४८. मोजणीच्या यंत्राने पांढऱ्या पेशी ७,४०० दाखवल्या होत्या, पण आमचे ते यंत्र केंद्रक दिसले की त्या पेशीला पांढरीच समजत असे. म्हणून असा आकडा हाताने दुरुस्त करावा लागतो: ७,४०० ला १०० ने गुणून १४८ ने भागले की खऱ्या पांढऱ्या पेशी येतात ५,०००. त्यांतल्या २६ टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी होत्या; आकड्यात १,३००. दुरुस्ती केली नसती तर हाच आकडा १,९०० च्या घरात गेला असता. नवजात बाळात १,५०० च्या खाली गेलेली न्यूट्रोफिलची संख्या सामान्यतः कमी मानली जाते, म्हणजे एका भागाकाराच्या अलीकडे बाळ ठीक होते आणि पलीकडे ते काळजीत टाकणारे होते. नव्याने येणाऱ्या तंत्रज्ञांना मी हा भागाकार आजही आवर्जून करायला लावते.

जन्मतः २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेले बाळ कमी वजनाचे, १,५०० च्या आतले फार कमी वजनाचे आणि १,००० च्या आतले अत्यंत कमी वजनाचे, अशी वर्गवारी सगळीकडे वापरली जाते. तराजूला इतकेच कळते. बाळ लवकर जन्मले म्हणून लहान आहे की पोटातच त्याला कमी पडले म्हणून लहान आहे, हे तराजूला कळत नाही. दुसऱ्या प्रकारच्या बाळाला ‘गर्भवयाच्या मानाने लहान’ म्हणतात. तेवढ्याच आठवड्यांच्या शंभर बाळांना वजनाने ओळीत उभे केले तर खालच्या दहांत ते बसते. (त्या दहांत आईवडीलच लहान चणीचे असल्यामुळे लहान असलेली निरोगी बाळेही असतात, पण त्यांचे रक्त असे बोलत नाही.) माझ्यासमोरचा मुलगा फक्त लवकर आला होता. मुलगी लवकरही आली होती आणि उपाशीही राहिली होती.

पोटात बाळाला आईच्या रक्तातून पोषण आणि प्राणवायू मिळतो तो वारेतून (प्लॅसेंटा). दुसऱ्या दिवशी दोघांच्या वारा माझ्याकडे तपासणीसाठी आल्या तेव्हा त्याची खात्री झाली. दोन बाळांच्या दोन स्वतंत्र वारा होत्या. मुलाची वार मऊ, भरीव आणि एकसारख्या तांबूस रंगाची होती. मुलीची आकाराने लहान होती आणि तिच्यात ठिकठिकाणी टणक, फिकट पट्टे होते. आईकडून येणारा रक्तपुरवठा बंद पडून तेवढा भाग निकामी झाल्याची ती खूण. आईला गरोदरपणात रक्तदाबाचा त्रास झाला होता, हे मला नंतर कळले.

गर्भाचे रक्त कोठे तयार होते, हे येथे सांगायला हवे, कारण त्याशिवाय मुलीच्या काचेचा अर्थ लागत नाही. मोठ्या माणसाचे रक्त अस्थिमज्जेत तयार होते, पण गर्भात हाडे तयार होण्यापूर्वीच रक्ताची गरज पडते. म्हणून तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास गर्भाबाहेरच्या पीतक कोशात पहिल्या तांबड्या पेशी जन्मतात. पुढे आयुष्यभर पुरणाऱ्या मूळ पेशी महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीच्या भिंतीत निर्माण होतात आणि तेथून निघून यकृतात वस्तीला जातात. साधारण सहाव्या आठवड्यापासून यकृत हाच रक्ताचा मुख्य कारखाना होतो. अस्थिमज्जेत काम सुरू होते ते अकराव्या आठवड्याच्या आसपास, आणि मुख्य जबाबदारी तिच्याकडे येते ती शेवटच्या तीन महिन्यांत. पंचविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे यकृत म्हणूनच अजून रक्त घडवत असते. घर बदलण्याच्या ऐन धामधुमीत ते बाळ बाहेर आलेले असते.

या कारखान्याला किती तांबड्या पेशी हव्यात हे सांगणारे संप्रेरक म्हणजे एरिथ्रोपोएटिन. मोठ्या माणसात ते मूत्रपिंडात तयार होते आणि गर्भात मुख्यतः यकृतात. आईचे एरिथ्रोपोएटिन वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे बाळाच्या रक्तात जे सापडते ते सगळे त्याचे स्वतःचे असते. आपल्या शरीराला प्राणवायू पुरतो आहे की नाही, याचा त्याने स्वतः घेतलेला अंदाज त्यात असतो. १९७७ साली ताकाजी मियाके आणि युजीन गोल्डवासर यांनी माणसाचे हे संप्रेरक प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले, आणि त्यासाठी २,५५० लिटर मूत्र वापरावे लागले. ते मूत्र रक्तनिर्मिती जवळजवळ थांबलेल्या रुग्णांचे होते, कारण अशा रुग्णांचे शरीर ‘रक्त करा, रक्त करा’ असा हुकूम सोडत राहते आणि मज्जेकडून उत्तर येत नाही. ही हकिकत मला मुलीच्या काचेकडे पाहताना आठवली. तिच्याही शरीरात तोच हुकूम कित्येक दिवस सुटत राहिला असणार. फरक एवढाच की तिच्या मज्जेने आणि यकृताने तो पाळला होता.

मुळात निरोगी गर्भसुद्धा आपल्याला अशक्य वाटावे इतक्या कमी प्राणवायूवर वाढतो. त्याच्या रक्तातील प्राणवायूचा दाब मोठ्या माणसाच्या रोहिणीतल्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश असतो. तरीही त्याचे भागते, कारण त्याचे गर्भीय हिमोग्लोबिन आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा प्राणवायू अधिक घट्ट धरते आणि आईच्या रक्तातून तो ओढून घेते. वार निकामी होऊ लागली की हा मुळातच काटकसरीचा संसार आणखी आखडतो. गर्भ प्राणवायू वाढवू शकत नाही, पण तो वाहून नेणाऱ्या पेशी वाढवू शकतो. तो तेच करतो. एरिथ्रोपोएटिन वाढते, तांबड्या पेशींचे उत्पादन वाढते, मागणी फार झाली की केंद्रक टाकण्याइतकीही उसंत न मिळालेल्या पेशी रक्तात सोडल्या जातात. त्या ४८ पेशी म्हणजे पुऱ्या शिक्षणाआधीच कामावर पाठवलेली माणसे होती. मुलाच्या रक्तातील अशा पेशी दोन-तीन दिवसांत दिसेनाशा झाल्या. मुलीच्या रक्तात त्या आठवडाभर रेंगाळल्या.

तांबड्या पेशींचा हा वाढावा फुकट होत नाही. अस्थिमज्जेत तांबड्या पेशी आणि प्लेटलेट घडवणाऱ्या मेगाकॅरिओसाइट या एकाच पूर्वज पेशींच्या दोन शाखा आहेत. प्रयोगशाळेतील उंदरांना दीर्घ काळ कमी प्राणवायूत ठेवले की त्यांच्या तांबड्या पेशी वाढतात आणि काही दिवसांनी प्लेटलेट घटतात. वाढ खुंटलेल्या बाळात हेच चित्र दिसते: प्लेटलेट कुठे नष्ट होत नसतात, त्या तयारच कमी होतात. त्यात नवजात बाळाच्या मेगाकॅरिओसाइट मोठ्या माणसापेक्षा आकाराने लहान असतात आणि प्रत्येकीतून कमी प्लेटलेट निघतात, त्यामुळे अचानक उत्पादन वाढवण्याची सोय तोकडी असते. न्यूट्रोफिलचेही असेच होते, विशेषतः आईला गरोदरपणात उच्च रक्तदाब असेल तर. जन्माला येतानाच त्या कमी असतात आणि बहुधा काही दिवसांत आपोआप सावरतात.

हे सावरणे ओळखीचे असते, आणि माझ्या कामाचा खरा उपयोग तेथेच होतो. पहिल्या दिवशी प्लेटलेट आणि न्यूट्रोफिल दोन्ही कमी दिसल्या की विभागातल्या डॉक्टरांच्या मनात पहिली शंका जंतुसंसर्गाची येते, आणि ती यायलाच हवी. नवजात बाळाच्या मज्जेत न्यूट्रोफिलचा राखीव साठा थोडका असतो. संसर्गात तो काही तासांत संपू शकतो. म्हणून मुलीला प्रतिजैविके सुरू झाली, त्यात चूक काही नव्हती. पण काचेवर भरपूर केंद्रकयुक्त तांबड्या पेशी, दाट रक्त, शेजारच्या भावाचे निर्मळ रक्त आणि दुसऱ्या दिवशी हातात आलेली ती वार, हे सगळे एकत्र ठेवल्यावर मी अहवालाखाली लिहिले की हे चित्र गर्भावस्थेत दीर्घ काळ प्राणवायू अपुरा पडल्याशी जुळते आणि प्लेटलेट आणखी दोन-तीन दिवस उतरण्याची शक्यता आहे. चौथ्या दिवशी त्या ६१,००० झाल्या. रक्तात जंतू आहेत का हे पाहण्यासाठी लावलेल्या कल्चरमध्ये ४८ तासांनी काहीही वाढले नव्हते, म्हणून प्रतिजैविके थांबवण्यात आली होती. चौदाव्या दिवशी प्लेटलेट १,७२,००० होत्या. कोणीही त्या वाढवल्या नव्हत्या.

आकडा कमी दिसला की तो वर ओढावा, ही इच्छा मला पूर्णपणे समजते, कारण एवढ्या लहान जिवाच्या बाबतीत हात बांधून बसणे कोणालाच सोपे जात नाही. पण याच विषयावर झालेल्या दोन चाचण्यांमुळे माझे मत बदलले. ब्रिटनमध्ये ३१ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या आणि गर्भवयाच्या मानाने लहान असलेल्या २८० बाळांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यांतल्या निम्म्या बाळांना मज्जेला चालना देणारे जीएम-सीएसएफ हे औषध पाच दिवस दिले गेले. न्यूट्रोफिल खरोखरच लवकर वाढल्या, पण गंभीर संसर्गावाचून जगलेल्या बाळांच्या प्रमाणात फरक पडला नाही. दुसरी चाचणी प्लेटलेटची, २०१९ सालची. ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्समधील ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या ६६० बाळांपैकी एका गटाला प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेल्या की आणि दुसऱ्या गटाला २५,००० च्या खाली गेल्या की बाहेरून प्लेटलेट देण्यात आल्या. ज्यांना सढळ हाताने दिल्या त्यांच्यात मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव २६ टक्के बाळांत झाला, आणि ज्यांच्या बाबतीत हात आखडता घेतला त्यांच्यात १९ टक्के. तोपर्यंत अधिक प्लेटलेट म्हणजे अधिक सुरक्षित असे जवळपास सर्वांनी गृहीत धरले होते. मीही धरले होते.

दाट रक्ताबद्दल थोडक्यात. हिमॅटोक्रिट ६५ टक्क्यांच्या वर गेले की रक्त घट्ट होऊन सावकाश वाहू लागते. टाच टोचून घेतलेल्या नमुन्यात हा आकडा नेहमी फुगलेला येतो. मुलीचा टाचेचा आकडा ७१ होता आणि शिरेतला ६६. टाचेच्या आकड्यावर उपचार ठरवू नयेत. तिला लक्षणे नव्हती, म्हणून तिची साखर जपली, दूध वेळेवर दिले आणि वाट पाहिली. त्या जादा पेशी मरू लागल्या तेव्हा कावीळ भावापेक्षा जास्त चढली आणि तिला निळ्या प्रकाशाखाली दोन दिवस अधिक राहावे लागले.

तिसऱ्या दिवशी मुलीचा नमुना गोठून आला. टाचेतून थेंब थेंब रक्त गोळा करताना ते नळीतच गोठते आणि मोजण्याच्या लायकीचे राहत नाही. दुसरा नमुना मागवण्याऐवजी मी स्वतःच विभागात गेले. दाराशी बाळांची आजी बसलेली होती. मी प्रयोगशाळेतून आले आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, “डॉक्टरबाई, एवढ्याशा जिवाचं रोज रक्त काढता, उरतं काय तिच्या अंगात?”

हा प्रश्न कोणत्याही वैद्यकीय परीक्षेत विचारण्याच्या तोडीचा होता, आणि मला त्याचे उत्तर आकड्यांत द्यावेसे वाटले. अपुऱ्या दिवसांच्या बाळात दर किलो वजनामागे साधारण ९० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे त्या मुलीच्या अंगात सगळे मिळून सुमारे १२५ मिलिलिटर. एक पेला भरेल इतकेही नाही. त्यातून २ मिलिलिटर काढणे म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाच्या ४,२०० मिलिलिटर रक्तातून ६७ मिलिलिटर काढण्यासारखे. रोज. आणि ९०० ग्रॅमच्या बाळाचा हिशेब याहून कठोर असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पहिल्या आठवड्यांत रक्त चढवावे लागते, त्याचे एक मोठे कारण आपणच तपासणीसाठी काढलेले रक्त हे असते. मी नोकरीच्या सुरुवातीला जेथे होते तेथे नवजात बाळांचे नमुनेही मोठ्या माणसांच्या नळ्यांत मागवले जात आणि नळी खुणेपर्यंत भरली नाही तर परत पाठवली जाई. मीही त्या परतीच्या चिठ्ठ्यांवर सह्या केल्या आहेत. त्याचे मला आज वाईट वाटते. आता आमच्याकडे पाव मिलिलिटरच्या नळ्या आहेत, शक्य त्या तपासण्या एकाच नमुन्यावर होतात, आणि जन्मानंतरच्या पहिल्या बऱ्याच तपासण्या नाळेत व वारेत उरलेल्या रक्तावर करता येतात. ते रक्त बाळाचेच असते आणि एरवी फेकून दिले जाते.

आजींना मी एवढेच सांगितले की आजपासून तिचे रक्त कमीत कमी काढले जाईल, आणि खाली येऊन विभागप्रमुखांना चिठ्ठी लिहिली. पण त्यांच्या प्रश्नातला दुसरा अर्धा भाग मला घरी आल्यावर सुचला. रक्ताबरोबर लोहही जाते.

बाळाच्या शरीरात जन्माच्या वेळी दर किलो वजनामागे साधारण ७५ मिलिग्रॅम लोह असते आणि त्यातले बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून आलेले असते. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असते. या दोन आकड्यांवरून ढोबळ हिशेब मांडता येतो. मुलाच्या अंगातले एकूण लोह सुमारे १६० मिलिग्रॅम धरले, तर त्याच्या १९० मिलिलिटर रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये त्यातले ११० अडकलेले होते आणि उरलेले ५० यकृताच्या साठ्यात आणि इतर अवयवांत होते. मुलीचे एकूण लोह याच दराने सुमारे १०३ मिलिग्रॅम होते, पण तिच्या दाट रक्तानेच त्यातले ९३ घेतले होते. बाकी उरते १०. प्रत्यक्षात त्याहूनही कमी असणार, कारण निकामी वारेतून लोहही पुरेसे येत नाही आणि दर किलो ७५ हा आकडा नीट पोसलेल्या बाळाचा आहे. लोह कमी पडले की शरीर ते आधी तांबड्या पेशींना देते. यकृताचा साठा, स्नायू, हृदय आणि मेंदू यांची पाळी नंतर येते. म्हणजे हिमोग्लोबिन २२ असलेले, काचेवर रक्ताने ओसंडून वाहणारे हे बाळ आतून लोहाच्या बाबतीत जवळजवळ रिकामे असू शकते, आणि मेंदूला लोहाची सर्वांत निकड असते ती नेमकी याच महिन्यांत. तिच्या १० मिलिलिटर रक्तात साडेसात मिलिग्रॅम लोह होते. आम्ही तपासणीच्या नावाखाली तिचा जवळपास सगळा शिल्लक साठा काढून घेऊ शकलो असतो.

एरवी तांबडी पेशी मेली तरी तिचे लोह वाया जात नाही. ते साठ्यात परत जमा होते. दाट रक्ताचे हे एक बरे असते, की पुढच्या आठवड्यांत त्या जादा पेशी मोडल्या की त्यांचे लोह घरातच राहते. काढून नेलेल्या रक्ताचे लोह मात्र कायमचे जाते. उलट बाजूने पाहिले तर जन्मानंतर नाळ लगेच न बांधता निदान एक मिनिट थांबले की वारेतले रक्त आणि त्याबरोबरचे लोह बाळाकडे येते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही तशीच आहे. बाळाला श्वास देण्याची तातडी नसेल तेव्हा ते एक मिनिट मला कोणत्याही औषधाच्या बाटलीपेक्षा मोलाचे वाटते. त्यानंतरही कमी वजनाच्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांतच दर किलो रोज २ मिलिग्रॅमच्या आसपास लोह थेंबांच्या रूपात सुरू करून अनेक महिने द्यावे लागते. नेमके कधी आणि किती, ते बाळाचे डॉक्टर वजन पाहून ठरवतात. माझी आईवडिलांना विनवणी एवढीच आहे, की बाळ छान वाढू लागले म्हणून ते थेंब मध्येच बंद करू नयेत. ते वाढू लागते तेव्हाच त्याची गरज वाढते.

जन्मानंतरच्या आठवड्यांत प्रत्येक बाळाचे हिमोग्लोबिन उतरते. पहिला श्वास घेताच रक्तातला प्राणवायू एकदम वाढतो, एरिथ्रोपोएटिन जवळजवळ थांबते आणि मज्जा काम मंदावते. पूर्ण दिवसांच्या बाळात ही उतरण आठ ते बारा आठवड्यांनी तळ गाठते आणि हिमोग्लोबिन १० ते ११ च्या आसपास थांबते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तळ लवकर येतो आणि खोल असतो. त्याच्या तांबड्या पेशी १२० दिवस जगत नाहीत, ३५ ते ५० दिवसच जगतात. ते झपाट्याने वाढत असल्यामुळे तेवढेच हिमोग्लोबिन जास्त रक्तात विभागले जाते. आणि एरिथ्रोपोएटिनचे काम यकृताकडून मूत्रपिंडाकडे अजून पूर्ण गेलेले नसते. यकृत प्राणवायूच्या कमतरतेला मूत्रपिंडाइतक्या तत्परतेने उत्तर देत नाही. पोटात असताना ते ठीक होते, बाहेर ते उशिराचे ठरते.

किती उतरल्यावर रक्त चढवावे, यावर वर्षानुवर्षे वाद होता. १,००० ग्रॅमपर्यंतच्या १,८२४ बाळांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला हिमोग्लोबिन जरा वरच असताना आणि दुसऱ्या गटाला ते अधिक खाली गेल्यावर रक्त दिले. दोन वर्षांच्या वयापर्यंत मृत्यू किंवा विकासातील अडथळा यांचे प्रमाण पहिल्या गटात ५०.१ टक्के आणि दुसऱ्यात ४९.८ टक्के निघाले. युरोपात १,०१३ बाळांवर झालेल्या चाचणीचाही कौल तोच होता. हे आकडे वाचताना आधी त्यांतला ‘पन्नास’ मनाला लागतो. इतक्या लहान बाळांचा रस्ता किती अवघड आहे ते त्यात दिसते. पण रक्ताच्या प्रश्नापुरता त्यांचा अर्थ स्पष्ट आहे, की ठरवलेल्या मर्यादांमध्ये राहून वाट पाहणाऱ्या डॉक्टरांनी बाळांचे नुकसान केले नाही.

सातव्या आठवड्यात जुळ्यांच्या काचपट्ट्या पुन्हा माझ्याकडे आल्या. आता दोघांचे रक्त ओळखू न येण्याइतके एकसारखे झाले होते. मुलाचे हिमोग्लोबिन ९.८, मुलीचे ९.१, जन्माच्या वेळचा पाच ग्रॅमचा फरक पुसला जाऊन पारडे उलट झुकले होते. मुलीचे वजन २,४०० ग्रॅम झाले होते, ती अंगावर पीत होती, पण पिताना जरा दमते असे आईला वाटत होते, आणि विभागात तिला रक्त द्यावे की काय याचा विचार चालला होता. मागणीपत्रावर फक्त हिमोग्लोबिन लिहिलेले होते. नळीत थोडे रक्त शिल्लक होते. ते मी निळ्या रंगद्रव्यात मिसळून वीस मिनिटे ठेवले आणि काच तयार केली, कारण नुकत्याच मज्जेतून बाहेर आलेल्या तांबड्या पेशी या रंगातच ओळखता येतात. त्यांच्या आत बारीक निळी जाळी दिसते. प्रत्येक दृश्यक्षेत्रात अशा जाळीच्या पेशी होत्या. हजार पेशी मोजल्या, त्यांत साठ निघाल्या. सहा टक्के म्हणजे तिच्या मूत्रपिंडाने हाक दिली होती आणि मज्जेने ओ दिली होती.

अहवाल टंकून वर जायला दोन तास लागतात, म्हणून मी दूरध्वनी उचलला आणि आकडा आधी तोंडी सांगितला. विभागातल्या डॉक्टरांनी रक्ताची मागणी थांबवली आणि चार दिवसांनी पाव मिलिलिटरचा एक नमुना पाठवला. हिमोग्लोबिन ९.६ होते.